फाटकाबाहेरचं बाकडं

रविवारच्या जेवणाला बाई येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते, आणि नेमक्या त्याच सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांची साक्ष होती आणि उलटतपासणी घेणार होती त्यांची सख्खी भाची. अशा वेळी शहाण्या माणसाने डोकं दुखल्याचं निमित्त करून घरी पडून राहावं. पण डोकं दुखणं वगैरे प्रकार बाईंनी आयुष्यात केले नव्हते. मुलींच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. गावात कुणी नुसतं 'बाई' म्हटलं तर ते त्यांनाच, हे ठरलेलं होतं, आणि घरातसुद्धा त्यांना दुसरं नाव उरलं नव्हतं. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की अजूनही जो तो आपला सदरा नीट करायचा.

घर दुकानाच्या वर होतं. खाली बाईंच्या धाकट्या भावाचं, म्हणजे दादांचं, मोटर वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरी, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निश सुकवायची भट्टी. वार्निशचा वास जिन्याने वर येऊन पडद्यांत, उशांत आणि जेवणाच्या ताटांतही मुरलेला होता. जेवायचं टेबल दुकानातूनच वर आलेलं, त्याच्या एका कोपऱ्याला जुन्या पकडीची भोकं. दादा नेहमी त्या कोपऱ्यावर बसत. बोलायला काही नसलं की त्या भोकांत बोट घालून बसत, आणि आज बाई आल्यापासून ते तसेच बसले होते.

वकील सगळ्यांत शेवटी आली. दादांची ही थोरली मुलगी. आज तिने मुद्दाम हातात एकही कागद आणला नव्हता. बाईंना बघून ती दारातच थबकली. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, आठवडाभर वेळेवर जेवलीस का गं. त्या साध्या प्रश्नाने तिला एकदम भरून आलं. गेले कित्येक महिने दोघी एकमेकींशी फक्त कोर्टाच्या कागदांतून बोलत होत्या, 'वादी' आणि 'सरकार पक्षाचे साक्षीदार' अशा भाषेत, आणि त्या भाषेत जेवणाची चौकशी करायची सोय नव्हती.

भांडण तसं साधं होतं. गावात दोन सरकारी शाळा, एक मुलांची, एक मुलींची, दोन्हींच्या मध्ये एकच भिंत. मुलांच्या शाळेत यंत्रशाळा होती, विजेच्या कामाचे वर्ग होते. या वकील भाचीच्या धाकट्या भावाची मुलगी, जिला घरात सगळे बारकी म्हणत, ती आजोबांच्या दुकानात बसून कॉइल भरायला शिकली होती, आणि तिला ते वर्ग हवे होते. शाळेने तिचा अर्ज परत पाठवला. कारण काय, तर मुलगी आहे. तिच्या वकील आत्याने दावा लावला. निकाल लागेपर्यंत तिला वर्गात बसू द्या, असा कोर्टाने तात्पुरता हुकूम दिला, आणि बारकी अख्ख्या मुलांच्या शाळेत एकटी मुलगी म्हणून जाऊ लागली.

कायदा असा होता, की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेला मुलगा-मुलगी बघून दार लावता येत नाही. अपवाद एकच. दुसऱ्या दारामागे त्याच तोडीची सोय असेल, तर वेगळ्या शाळा चालवायला हरकत नाही. सरकारचं म्हणणं, सोय आहे की. मुलींच्या शाळेच्या तपासणीत वर्षानुवर्षं 'यंत्रशाळा समाधानकारक' असा शेरा आहे. तो शेरा खरोखर मारला गेला एवढंच सांगायला सरकारने बाईंना बोलावलं होतं.

आता या शेऱ्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ती या घराची सगळ्यांत आवडती गोष्ट होती, आणि खटला सुरू झाल्यापासून तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण सवयीला कोर्ट-कचेरी कळत नाही. ताटं वाढून झाली, कुणीच बोलेना, नुसते चमचे वाजू लागले, आणि ती शांतता दादांना सोसवेना. त्यांनी भोकातलं बोट काढलं आणि दरवेळी सुरू करत तसं सुरू केलं, "एकदा काय झालं, साहेब आले तपासणीला..."

आणि ते मध्येच थांबले.

सुनेने, म्हणजे बारकीच्या आईने, डाव तसाच हवेत धरला. वकील भाचीने ताटाकडे बघितलं. मास्तर, म्हणजे दादांचा मुलगा, बारकीचा बाप, खोकला.

"पूर्ण कर की," बाई म्हणाल्या. "अर्धी कशाला ठेवलीस?"

दादांनी पूर्ण केली. पण दरवेळी जिथे हशा पिकायचा तिथे आज फक्त शब्द होते. तपासणीचा दिवस ठरला की आदल्या संध्याकाळी भिंतीतलं मधलं दार उघडायचं. मुलांच्या शाळेतल्या मोटरी, लेथ, तारांचे बोर्ड हातगाडीवर चढवायचे आणि दादांनी ती गाडी ढकलत मुलींच्या शाळेत न्यायची. मुलांच्या शाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक भला माणूस, त्यांची तपासणी आधीच उरकलेली असायची. साहेब यायचे, बघायचे, मान डोलवायचे, शेरा मारायचे. ते फाटकाबाहेर पडले की वरात परत माघारी. एका वर्षी साहेबांनी मोटर चालू करून दाखवा म्हटलं. मोटर जळकी निघाली, दादांनी ती आदल्या रात्री घाईत उचलली होती, दुकानात दुरुस्तीला आलेली. तेव्हा बाई एक सेकंदही न थांबता म्हणाल्या होत्या, साहेब, मुद्दाम जळकीच ठेवली आहे, मुलींनी दुरुस्ती शिकायला नको का. साहेबांनी त्याबद्दल वेगळा कौतुकाचा शेरा लिहिला. इथे सगळे पोट धरून हसायचे, बाईसुद्धा.

आज फक्त बारकी हसली, तीही नाकातल्या नाकात, आणि लगेच गप्प झाली.

वकील भाचीला हसू येण्याचा प्रश्न नव्हता. तिला दुसरंच आठवत होतं. ती स्वतः त्याच शाळेत शिकलेली. तपासणीच्या दिवशी तिने मोटरच्या गार पत्र्यावर हात ठेवला होता, आणि घरी एवढ्या मोटरी असूनही ही आपल्या शाळेची म्हणून तिला केवढा अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा. फरशीवर चाकांचे काळे ओरखडे, आणि त्यांच्याभोवती मुली गोळा झालेल्या. तिने विचारलं, बाई, मोटर कुठे गेली. बाई म्हणाल्या, दुरुस्तीला. मग ती पोर शाळा सुटल्यावर धावत बापाच्या दुकानात आली आणि सगळ्या मोटरी उलथ्यापालथ्या करून शाळेची मोटर शोधत बसली. दादा भट्टीपाशी पाठ करून उभे राहिले होते. तेव्हा तिला वाटलं होतं, ते कामात आहेत.

"बाई," ती म्हणाली, "उद्या मी हे विचारलं तर?"

"विचार. मी शपथेवर खोटं बोलणार नाही, तुला माहीत आहे."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर मी आपणहून सांगणार नाही. तेही तुला माहीत आहे."

त्यानंतर बाई बराच वेळ बोलल्या, आवाज न चढवता, ताटातलं अन्न गार होऊ देत. त्यांचं म्हणणं असं, की तू हे विचारशील, मी हो म्हणेन, बारकी जिंकेल. पुढे काय? दोन्हीकडे सारखी सोय नाही असं एकदा कोर्टाने म्हटलं की वेगळी शाळा बेकायदा. खात्याने तर आधीच लिहून दिलंय, तशी वेळ आली तर मुलींची शाळा मुलांच्या इमारतीत मिळवून टाकू, एक इमारत मोकळी होईल. त्यांना ते हवंच आहे. माझ्या शाळेतल्या निम्म्या पोरी त्या बंद फाटकामुळे शाळेत आल्या. त्यांचे बाप माझ्याकडे येऊन फाटक बघून गेलेत, भिंत किती उंच आहे ते बघून गेलेत, आणि मग पोरीला पाठवलंय. ते फाटक उघडलंत, तर त्या पोरी मुलांच्या शाळेत जाणार नाहीत. घरी बसतील.

"एका पोरीसाठी दार उघडताना," बाई म्हणाल्या, "बाकीच्यांवर ते बंद होतंय का, हे तुझ्या कायद्यात कुठे बघतात?"

वकील भाचीकडे याला उत्तर होतं. कोर्टासाठी तिने ते लिहूनही ठेवलं होतं, मुद्देसूद. ज्या शाळेत मोटर वर्षातून एकदा येते ती शाळा मुलींना सुरक्षित ठेवते की मागे ठेवते, असं काहीतरी. पण इथे, वार्निशच्या वासात, तिला ते तोंडातून काढवेना. तिने बापाकडे बघितलं. गाडी त्यांनी ढकलली होती. दादांनी साक्ष दिली तर बाईंना विचारायची गरजच नव्हती.

दादांना ती नजर कळली. ते म्हणाले, मी बहिणीच्या विरुद्ध उभा राहणार नाही. मग नातीकडे बघून म्हणाले, आणि हिच्याही नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी त्यांची गत झाली होती. या पोरीचा हात तारेवर त्यांनी पहिल्यांदा ठेवला होता. वेढे मोजताना ती ओठ हलवायची नाही, बोटांनीच मोजायची, अगदी त्यांच्यासारखी. आणि बहिणीने शाळेतल्या पगारावर त्यांना धंद्याला उभं केलं होतं. कोणता हात तोडायचा ते त्यांना ठरवता येत नव्हतं, म्हणून ते पुन्हा भोकात बोट घालून बसले.

मग मास्तर बोलला, आणि सगळ्यांना वाटलं होतं त्याच्या उलट बोलला. तो मुलांच्याच शाळेत भूगोल शिकवायचा. पोरीचा बाप म्हणून तो वकील बहिणीच्या बाजूने असणार हे गृहीतच होतं. तो म्हणाला, बाईंचं बरोबर आहे. मागे घेऊ दावा. शिक्षकांच्या खोलीत मी आलो की बोलणी थांबतात. मुलीला चार गुण जास्त पडले तर बापाने दिले, कमी पडले तर बापाने मुद्दाम कापले. मी वर्गात तिच्याकडे बघतसुद्धा नाही. ती मला सर म्हणते, मी तिला नंबराने हाक मारतो. जळ्ळं हे कसलं शिक्षण.

"तुला तुझी नोकरी सुचतेय," त्याची बायको म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती आणि घरात कमी बोलायची. "त्या पोरीने वर्ष काढलंय तिथे."

"मी कुठे नाही म्हणतो?"

"निदान मधल्या सुट्टीत तुम्ही दोघं एकत्र जेवता, तेवढं तरी आहे. तेवढ्यावर मी रोज डबा भरते."

मास्तरने हातातला घास परत ताटात ठेवला. बायकोनेही डाव खाली ठेवला. तो म्हणाला, अगं, मी तर खोलीतच जेवतो. हिला मुलांत मिसळू दे म्हणून मीच पहिल्या दिवशी सांगितलं, माझ्याकडे येऊ नकोस. मला वाटलं वर्गात मुलांबरोबर जेवते. वकील चमकली. तिने कोर्टात सांगितलं होतं, की मुलगी शाळेत रुळली आहे, शाळेच्या कार्यालयातल्या बाईंबरोबर तिची जेवणाची सोय आहे. तिला तसं शाळेने कळवलं होतं. प्रत्येकाने ती दुसऱ्या कुणाबरोबर तरी जेवते असं धरलं होतं, आणि निर्धास्त होऊन आपापला घास घेतला होता.

सगळ्यांनी बारकीकडे बघितलं. ती भाजीतले तुकडे ताटाच्या कडेला ओळीने लावत होती.

"मग तू जेवतेस कुठे?" आईने विचारलं.

"बाकड्यावर."

"कुठल्या बाकड्यावर?"

"मुलींच्या शाळेच्या. फाटकाबाहेरच्या."

ते बाकडं गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. फाटकाच्या डाव्या अंगाला, भिंतीला लागून, वर पत्र्याची पाटी: 'पुरुष अभ्यागतांनी येथे थांबावे.' तपासणीचे साहेब सोडले तर या फाटकातून कुणा पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही. बाप असो, भाऊ असो, पंखा दुरुस्त करणारा असो, त्याने तिथे बसायचं आणि आत निरोप पाठवायचा. बाईंनी आल्या आल्या पहिल्या वर्षी केलेला हा नियम. त्याच्यावरच शाळेचं नाव झालं होतं.

वर्गात कुणी बोलत नाही, बारकीने सांगितलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पाढे म्हणावेत तसं ती सांगत होती. मारत नाहीत, चिडवतही नाहीत आता. सुरुवातीला चिडवायचे ते बरं होतं. सरांनी सांगितलंय, कोर्टाचं प्रकरण आहे, तिच्या वाटेला जायचं नाही. म्हणून कुणी वाटेलाच येत नाही. प्रयोगाला जोड्या असतात, माझी जोडी सरांशी. बाक मला एकटीला. कार्यालयातल्या बाईंनी दोन दिवस जेवायला घेतलं, मग त्यांनाही कुणी काही बोललं असेल. म्हणून मी सुट्टीत पलीकडे गेले. मैत्रिणी होत्या ना तिकडे. पण फाटकावरच्या शिपाईमामांनी सांगितलं, बाळ, तू आता बाहेरच्या शाळेतली. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही. बस तिथे. मी बसते.

"आणि मैत्रिणी?"

"आधी फाटकाशी यायच्या. जाळीतून बोलायचो. आता परीक्षा जवळ आलीय."

तिची आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. नळाखाली काही नव्हतं. मास्तरने बायकोच्या मागे जायला खुर्ची सरकवली, मग गेला नाही. वकील म्हणाली, मला का नाही सांगितलंस. बारकी म्हणाली, तू कोर्टात सांगितलं होतंस ना रुळली म्हणून, मग तू खोटी पडली असतीस. आणि बाबांना सांगितलं असतं तर ते दावा मागे घे म्हणाले असते. आईला सांगितलं असतं तर ती रडली असती. शाळेत तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, आणि घरात ती एवढ्या सगळ्यांना सांभाळत होती.

मग भांडण जुंपलं. ते नेहमीचंच, घरात असतं तसं, आधी पोरीवरून आणि मग जुन्या गोष्टींवरून. मास्तर बहिणीला म्हणाला, तुला पोरगी नको होती, तुला खटला हवा होता. बहीण म्हणाली, आणि तुला पोरगी शाळेत नंबर म्हणूनच बरी वाटते. दादांनी दोघांनाही गप्प बसायला सांगितलं आणि दोघांनीही ऐकलं नाही. या गोंधळात बाई उठल्या, पायांत चपला सरकवल्या आणि बारकीला म्हणाल्या, चल, दाखव मला.

रस्ता रिकामा होता. रविवारची दुपार, दुकानांची शटरं खाली. दोघी सावलीच्या कडेने चालल्या. बाईंच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की नियम आपण पुरुषांसाठी केला होता. ही पोर त्यात कशी सापडली? त्या पाटीवर तर स्पष्ट पुरुष लिहिलेलं आहे. पण 'बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही' हेही आपलेच शब्द. फाटकावरच्या माणसाला आपणच तोंडपाठ करायला लावले होते, दर सोमवारी म्हणवून घेतले होते. तो बिचारा आपण गेल्यावरही ते पाळत बसला. एखाद्याने आपलं इतकं ऐकावं, याचं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाईट वाटलं.

बाकडं लहान होतं. फळी मधोमध झिजून खोलगट झालेली. बाईंनी आयुष्यभर ते फाटकातून येता-जाताच बघितलं होतं. त्यावर त्या कधी बसल्या नव्हत्या, बसायचं कारणच नव्हतं. आता बसल्या. समोर रस्ता, पलीकडे बंद वखारीची भिंत. एका बाजूला फाटक, पण इथून त्याची फक्त कड दिसायची. शाळा अजिबात दिसत नव्हती.

"इथून आतलं काही दिसत नाही गं," त्या म्हणाल्या.

"ऐकू येतं. गाण्याचा तास असला की छान वाटतं."

बाईंनी तिला विचारलं, खरं सांग, तुला परत यायचंय का? मी कुणाला सांगणार नाही. यायचं असेल तर उद्या काहीच करावं लागणार नाही. तुझी आत्या तो प्रश्न विचारणार नाही, माझी खात्री आहे. आज ती माझ्या ताटाकडे बघत होती, तोंडाकडे नाही. तिच्याने ते होणार नाही. आपण खटल्यात तुला हरवू, आणि निकाल लागला की तू आत असशील, तुझ्या मैत्रिणींत.

बारकीने हातांची बोटं एकमेकांत अडकवली. तारेने चिरलेली बोटं, नखांत वार्निश.

"यायचंय," ती म्हणाली. "रोज वाटतं यावंसं." मग बोटं सोडवत म्हणाली, "पण मोटर तिकडे आहे."

बाईंना चाकांचे ओरखडे आठवले. दरवर्षी तपासणीनंतर त्या स्वतः फरशी घासून घ्यायच्या, आणि ओरखडे काही केल्या पुरते जायचे नाहीत. त्या ओरखड्यांभोवती एका वर्षी भाची उभी होती. मोटर कुठे गेली, म्हणाली होती. त्यानंतर ती पोर कायदा शिकली. बाईंना नेहमी वाटायचं, आपल्यामुळे शिकली. वाटायचं ते बरोबरच होतं म्हणायचं.

"उद्या आत्याला सांग," त्या म्हणाल्या, "प्रश्न विचारायचा. शाळेत मोटर होती का, एवढाच. घाबरायचं नाही. मी सांगेन, होती, वर्षातून एक दिवस. आणि तिने विचारलं नाही तर मी आपणहून सांगेन."

"मग आपली शाळा?"

आपली, म्हणाली पोर. बाई म्हणाल्या, शाळा बहुतेक जाईल. ज्यांचे बाप फाटक बघून पाठवतात, त्यांच्या घरी आपल्याला जावं लागेल, एकेकीच्या. जाऊ. माझे पाय आहेत अजून. हे म्हणताना त्यांना ठाऊक होतं, की पाय फार नाहीत, आणि सगळे बाप ऐकणार नाहीत. काही पोरी घरी बसतीलच, आणि त्या कुणामुळे बसल्या हे त्यांना इथून पुढे दर सकाळी उठल्यावर आठवणार होतं. पण समोर बसलेली पोर एकटी जेवत होती, आणि ते त्यांना आज दिसलं होतं.

कोपऱ्यावरून दादा आले. बाई चष्मा टेबलावर विसरल्या होत्या, तो घेऊन. बहिणीला त्या बाकड्यावर बघून ते उभेच राहिले. मग म्हणाले, "मीही बसलोय इथे. एकदाच."

"कधी?"

"वकील जन्मली तेव्हा. पळत आलो होतो तुला सांगायला. मामा आत निरोप घेऊन गेला, आणि तू सांगून पाठवलंस, मधल्या सुट्टीत भेटते." ते हसले. "मुलगी झाली, मुलगी झाली, असं मनात म्हणत बसलो. सुट्टी होईपर्यंत ते शिळं झालं. तू आलीस तेव्हा मी म्हटलं, सहज आलो होतो."

बाईंना ते आठवत नव्हतं. कितीही आठवून बघितलं तरी आठवेना, आणि त्याचंच त्यांना सगळ्यांत जास्त लागलं. गाडी ढकलताना, गोष्ट सांगून सगळ्यांना हसवताना, इतक्या वर्षांत याने कधी हे काढलं नव्हतं.

एवढ्यात फाटकाची कडी वाजली. रविवारीही मामा आतल्या खोलीत राहायचा. बोलणं ऐकून त्याने फाटकातलं लहान दार, दिंडी, उघडून डोकं बाहेर काढलं, बाईंना बघितलं आणि घाईघाईने टोपी सारखी केली. म्हणाला, अहो बाई, तुम्ही बाहेर कशाला बसलात? आत या, खुर्ची काढतो.

"आणि ही दोघं?" बाईंनी विचारलं.

मामाने दादांकडे बघितलं, बारकीकडे बघितलं. तो पार अडचणीत आला. म्हातारा माणूस, तोंडपाठ झालेलं तोंडावर आलं, पण बाईंसमोरच ते म्हणून दाखवावं की नाही, हे त्याला समजेना.

"असू दे," बाई म्हणाल्या. "तुझं बरोबर आहे. मी इथंच बरी."

दिंडी हळूच लागली. दादा अजून उभेच होते, हातात चष्मा धरून.

"बस ना, धाकट्या," बाई म्हणाल्या.

तिघांना ते बाकडं अपुरंच होतं. बारकी कडेला सरकली. या बाकड्यावर तिला कुणासाठी सरकावं लागलं, ते आज पहिल्यांदाच.